जिन्याची बाजू घेणाऱ्या बाई

बाईंना जिन्याची फार दया यायची. कुणाच्याही घरी गेल्या की बैठकीत टेकायच्या आधी त्या जिना बघायच्या. आयर्लंडमधली आमची घरं सगळी एका साच्यातली. खाली स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि मधे गालिचा ठोकलेला अरुंद जिना. बाई सरळ जाऊन तिसऱ्या पायरीवर बसायच्या, कठड्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बिचारा! किती आळ येतात याच्यावर."

माझ्या ॲडम्सटाउनच्या घरी त्यांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन खाली उभी होते, आणि 'ही कोण आणलीस घरात' अशा नजरेने नवरा माझ्याकडे बघत होता. मी तरी काय सांगणार? मला नोकरी लागून आठवडा झाला होता आणि या माझ्या वरिष्ठ होत्या.

नोकरी मेनूथच्या विद्यापीठात. युरोपातल्या काही देशांनी मिळून एक मोठा अभ्यास काढला होता. घरात बाईला बरोबरीने वागवतात का, तिच्यावर हात उगारला जातो का, आणि तो थांबवायला सरकारने काय करावं, असा एकूण विषय. आमच्या गटाकडे बाहेरून आयर्लंडला आलेल्या बायका होत्या. त्यातल्या मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या माझ्या वाट्याला, आणि बाकी सगळ्या बाईंच्या. बाईंना भाषेची अडचण कधी आलीच नाही. हातवारे करून, शेंगदाणे-गूळ पुढे करून त्या ब्राझीलच्या बाईशीसुद्धा तासभर बोलायच्या. शेंगदाणे-गूळ त्यांच्या रेनकोटच्या खिशात सुटाच असायचा. रेनकोट पुरुषी मापाचा, हिरवा, गुडघ्याखाली येणारा. परिषदांमध्ये हिंसाचाराविरुद्धच्या घोषणा छापलेल्या कापडी पिशव्या वाटतात ना, त्यांत बाई कांदे आणायच्या. म्हणायच्या, "हिचा इतका तरी उपयोग झाला."

मूळच्या अमरावतीच्या. नागपूरला डॉक्टर झाल्या आणि इथल्या सरकारी इस्पितळांत अपघात विभागात त्यांनी उभं आयुष्य काढलं. साठीच्या तोंडावर स्टेथोस्कोप ठेवून दिला आणि संशोधनात आल्या. का, असं कुणी विचारलं की एकच उत्तर, "जिन्यांना न्याय द्यायला."

त्याचा अर्थ मला नंतर कळला. वर्षानुवर्षं बायका त्यांच्यापुढे यायच्या, कुणाचा हात मोडलेला, कुणाचा डोळा काळानिळा, आणि गुन्हेगार दरवेळी तोच. जिना. जिना नसेल तर प्रेस. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आम्हीही आता तेच म्हणतो. प्रेसचं दार लागलं, टबमध्ये घसरले, जिन्यावरून पडले. बाई चिडून म्हणायच्या, "या देशातलं फर्निचर इतकं मारकुटं आहे तर दुकानात विकू कसं देतात?" चिडल्या की त्यांचं वऱ्हाडी बाहेर यायचं. "आणि नेमकं बाईलेच काहून मारते वं ते? पुरुषायची त्याले भीती वाटते का?"

लग्नाबद्दल त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. मी एकदा विचारलं. "एक होता," म्हणाल्या, "तो कधी जिन्यावरून पडला नाही, तेवढंच वाईट वाटतं." आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. पुढे काही विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ होता.

कामाची त्यांची एक पद्धत होती. तीन भेटी. पहिली चहाची, दुसरी थापांची, तिसरी खरी. पहिल्या भेटीत वही बाहेर काढायची नाही. दुसऱ्या भेटीत बाई जे सांगेल ते मान डोलवत ऐकायचं, खोटं आहे हे समजत असलं तरी. तिसऱ्या भेटीला ती आपणहून बोलते, आणि नाही बोलली तर चौथ्यांदा जायचं. डब्लिनमधल्या आमच्या प्रकल्पप्रमुखबाईंना हे अजिबात परवडणारं नव्हतं. त्या स्वभावाने चांगल्या होत्या, हसतमुख, कशालाही 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणणाऱ्या. पण त्यांना दर तिमाहीला वर अहवाल पाठवायचा असायचा. त्यांनी ठरवलं, भेटी थोड्या करू आणि बाकीच्यांना ऑनलाइन प्रश्नावली देऊ. गुपचूप भरायची, नाव लिहायचं नाही, दहा मिनिटांत काम फत्ते.

मला म्हणाल्या, "तुमच्या लोकांचा एखादा ग्रुप असेलच ना?"

असणारच! आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे विचारू नका. गणपतीची वर्गणी, कोथिंबीर कुठे ताजी मिळते, कुणाचा फ्लॅट रिकामा होतोय, सगळं तिथे. मी तिथे प्रश्नावलीची लिंक टाकली. वर लिहिलं, 'मैत्रिणींनो, प्लीज भरा, माझ्या रिसर्चसाठी आहे.' त्याच्याखाली मराठीत केलेलं माहितीपत्रकही टाकलं. घरात त्रास होत असेल तर कुठे फोन करायचा, कायदा काय म्हणतो, वगैरे. चार दिवसांत ढीगभर उत्तरं आली. बाकी कुठल्या समाजातून इतकी आली नव्हती. प्रमुखबाईंनी सगळ्यांना मेल करून माझं कौतुक केलं. मी त्या दिवशी श्रीखंड आणलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बाई पडद्यावर काही वाचायच्या नाहीत. सगळे फॉर्म त्यांनी छापून घेतले आणि कॅनॉलच्या काठावरच्या बाकावर, मांडीवर दगड ठेवून वाचत बसल्या. वारा होता म्हणून दगड. दुपारी मला बोलावणं आलं.

"हे कोणी भरले?"

"आपल्या बायकांनी."

"बायकांनी नाही भरले."

मला रागच आला. म्हटलं, बाई, तुम्हाला ऑनलाइन काही आवडतच नाही. त्या शांतपणे एकेक कागद माझ्यापुढे धरू लागल्या. "हे बघ, एकही प्रश्न कोरा नाही. मी इतक्या बायकांशी बोलले, एक तरी प्रश्न त्या गाळतातच. 'तसं नाही हो, पण एकदा' असं म्हणतात. 'हे कोण वाचणार' असं विचारतात. बाई खोटं बोलते तेव्हासुद्धा अडखळते गं. हे लोक कुठे अडखळले? आणि हे शेवटी बघ. आणखी काही सांगायचं आहे का, या चौकटीत काय लिहिलंय. 'एनए', म्हणजे लागू नाही. 'नो इश्यूज.' 'ऑल गुड फ्रॉम अवर साइड.' अवर साइड! कुठली बाई स्वतःच्या संसाराबद्दल असं लिहिते? हे ऑफिसातलं लिहिणं आहे."

मी म्हटलं, असेल एखाद्या इंजिनिअर मैत्रिणीचं. तेव्हा त्यांनी सगळ्यात खाली ठेवलेला कागद काढला. राहण्याचं ठिकाण ॲडम्सटाउन, वय माझं, आयर्लंडमध्ये किती वर्षं तेही माझंच, काम विद्यापीठात संशोधन. ॲडम्सटाउनात विद्यापीठात काम करणारी मराठी बाई मी एकटी. आणि मी तर फॉर्म भरलाच नव्हता, कारण प्रकल्पातल्या लोकांनी भरायचा नाही असा नियम होता.

बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. प्रश्न असा होता: तुमच्या जोडीदाराने तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने निर्णय घेतला आहे का? उत्तर: कधीच नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लुकनला बस बदलून मी तडक घर गाठलं. नवरा त्या दिवशी घरूनच काम करत होता. मी कागद त्याच्या लॅपटॉपवर आपटला. तो हसला! "अगं, तुझे नंबर्स वाढावेत म्हणून भरला. तू दमलेली असतेस. आपले सगळे फॉर्म मीच तर भरतो."

खरं होतं ते. व्हिसा, टॅक्स, मुलीच्या शाळेचा प्रवेश, सगळं तोच भरतो. आमच्या सगळ्यांच्या घरी असंच आहे. नवरा आधी आला, बायको मागून आली, तेव्हा पहिला फॉर्म त्याने भरला, मग सवयच पडली. मंडळाच्या ग्रुपवर एका घराचा एकच नंबर घेतात, आणि तो कुणाचा असतो हे सांगायला नको. आमच्या घरातून तेवढा मंडळाच्या कामामुळे माझाही होता. मी 'मैत्रिणींनो' म्हणून हाक मारली होती ती चारपाच अपवाद सोडले तर सगळ्या नवऱ्यांना.

मी म्हटलं, "हा प्रश्न वाच. मोठ्याने."

त्याने वाचला. उत्तरही वाचलं. मग त्याचं हसू गेलं. पण माघार घेईल तर नवरा कसला! म्हणाला, "पण मी तुला कधी मारलंय का?"

"मारलं नाहीस म्हणून काय पावती फाडू तुझ्या नावाची?"

तासाभराने तो गुपचूप चहा घेऊन आला आणि त्याने जे सांगितलं त्याने मी आणखीच पेटले. ग्रँड कॅनाल डॉकला त्यांची सगळ्यांची ऑफिसं जवळजवळ. दुपारी डबे घेऊन चौघे एकत्र बसतात. तिथेच एकाने लिंक उघडली, म्हणाला, वहिनींचा प्रोजेक्ट आहे रे, भरून टाकू. चौघांनी तिथेच आपापल्या घरचा भरला. 'दाबा रे, नेव्हर, नेव्हर, नेव्हर.' हसत हसत, भेंडी-पोळी खात. आणि चौघांतला एक म्हणाला, शेवटच्या चौकटीत काहीतरी लिहा, म्हणजे खरं वाटतं.

"कोण म्हणाला?"

नवऱ्याने नाव सांगितलं. तो आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारा. गणपतीत साउंड लावणारा, दिवाळीला शंभर माणसांची मिसळ करणारा, सगळ्यांच्या मुलांना खांद्यावर घेणारा. त्याच्या बायकोला मी इथे मीनल म्हणते. खरं नाव सांगणार नाही.

मीनल नाशिकची, दातांची डॉक्टर. इथे तिची पदवी तशीच चालत नाही, परीक्षा द्यावी लागते. 'देईन गं या वर्षी' असं ती दर वर्षी म्हणायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती भुवईवर टेंगूळ घेऊन आली होती. "प्रेसचं दार लागलं," म्हणाली. मी काय केलं? तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वर म्हटलं, "तुझं पण ना मीनल! सांभाळून." बायकांवरच्या हिंसाचाराचा अभ्यास करणारी मी. माझ्या नोकरीचं नाव हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "प्रेस किती उंचीवर आहे?"

आधी डब्लिनची बैठक. बाईंनी तिथे सांगून टाकलं, मराठी घरांतून आलेली सगळी उत्तरं रद्द करा, ती नवऱ्यांनी भरली आहेत. प्रमुखबाईंनी विचारलं, पुरावा आहे का? बाईंनी माझ्याकडे बघितलं. टेबलाभोवती आठदहा जण, कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या लोणी लावलेला स्कोन. मी उभी राहिले आणि सांगितलं, माझ्या घरचा फॉर्म माझ्या नवऱ्याने भरला. बाकी तिघांचंही मला माहीत आहे, पण नवरा मित्रांची नावं लेखी द्यायला तयार नाही. मी त्याच्याशी तीन दिवस भांडले होते. 'यार, मित्र आहेत' याच्यापुढे त्याची गाडी सरकत नव्हती.

प्रमुखबाई हळहळल्या. माझा हात दाबला. आणि मग त्यांनी निर्णय दिला. सिद्ध झालेला फॉर्म एकच आहे, तेव्हा तेवढा काढून टाकू. बाकीचे राहू देत, तळटीप घालू. ग्रँड?

एक फॉर्म काढला त्यांनी. एक! आणि तोही ज्या घरात कुणी कुणाला मारत नव्हतं त्या घरचा. मीनलचा 'ऑल गुड' आत राहिला. अहवाल छापून आला तेव्हा त्यात आमच्या समाजाची फार सुरेख रंगीत आकृती होती, त्रासाचं प्रमाण नगण्य, मराठी समाजात उत्तरं देण्याचा उत्साह उल्लेखनीय. बाईंनी त्या अहवालावरून आपलं नाव काढून घेतलं. माझं आहे. माझा करार पुढच्या महिन्यात संपत होता आणि मी गप्प बसले. अजूनही कुणी तो अहवाल उघडला की तिसऱ्या ओळीत माझं नाव दिसतं, आणि मला त्याची लाज वाटते.

बैठकीहून परतताना आगगाडीत बाई खिडकीशी बसल्या. मी रडत होते, रागाने. मग त्या म्हणाल्या, "मी तीनदा लिहिलंय." त्यांच्या तरुणपणी, पश्चिमेकडच्या एका गावी, एक बाई तीनदा अपघात विभागात आली होती. आयरिश, लाल केसांची, सोबत नवरा. बाईंनी तिला विचारलं काय झालं, आणि दरवेळी उत्तर नवऱ्याने दिलं, जिन्यावरून घसरली हो. बाईंनी कागदावर लिहिलं, जिना. तीनही वेळा. चौथ्यांदा ती आली तेव्हा विचारण्यासारखी राहिली नव्हती. "तिन्ही कागद माझ्या अक्षरात आहेत," बाई म्हणाल्या. "तिनं तोंड उघडलंच नाही. मी तरी कुठं थांबले? मागे रांग होती."

मीनलकडे बाई गेल्या त्या संशोधक म्हणून नाही. संशोधक म्हणून जायला परवानगी लागली असती. "मी पोहे खायला जाते," म्हणाल्या, आणि मला सोबत घेतलं. पहिली भेट खरोखर चहाचीच झाली. अमरावतीची थंडी, नाशिकची द्राक्षं, इथल्या दुधावर साय कशी येत नाही. बाई जिन्यावर बसल्या, मीनल हसली, बस्स.

दुसऱ्या भेटीत भुवईवरच्या खुणेकडे बघून बाईंनी सहज विचारलं, आणि मीनल म्हणाली, प्रेसचं दार. तिची सहा वर्षांची मुलगी तिथेच चित्र रंगवत बसलेली. इथली मुलं मराठी समजतात पण उत्तर देतात अस्सल आयरिश इंग्रजीत. ती मान वर न करता म्हणाली, "बट ममी कान्ट रीच द प्रेस. शी नीड्स द स्टूल."

मी प्रेसकडे पाहिलं. मीनल पाच फुटांची जेमतेम. दाराची खालची कड तिच्या डोक्याच्या वर वीतभर. मीनलचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता बाई बोलतील. पण बाई म्हणाल्या, "तुझ्या हातचे पोहे फार छान झालेत हो, आणखी घालतेस?" आणि सगळे संपवले. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडलेच. तेव्हाच विचारायचं ना! म्हणाल्या, "आज थापांचा दिवस होता. तिचा तेवढा हक्क आहे. लेकरासमोर तिची थाप पकडणारी मी कोण?"

आणि मग काहीच नाही. एक आठवडा, दोन आठवडे. बाई रोज सकाळी बसने ॲडम्सटाउनला यायच्या आणि माझ्या घरी जिन्यावर बसून कागद वाचायच्या. मीनलकडे जायच्या नाहीत. म्हणायच्या, आता तिची पाळी. मी वैतागले होते. माझा नवरा तर जिना चढताना 'एक्स्क्यूज मी मॅडम' म्हणून म्हणून कंटाळला.

एका मंगळवारी सकाळी, मुलीला शाळेत सोडून, मीनल दारात उभी राहिली. बूट न काढता आत आली आणि बाईंच्या खालच्या पायरीवर बसली. मग बोलली. तिचा पासपोर्ट आणि इथे राहायचं कार्ड नवऱ्याच्या खणात, कुलुपात. बसच्या कार्डावरून तो बघतो ती कुठे चढली, कुठे उतरली. परीक्षेची पुस्तकं त्याने विकून टाकली. हात उचलतो तो नेमका मंडळाच्या ढोल-ताशाचा सराव नसेल त्या आठवड्यात, म्हणजे खूण कुणाला दिसत नाही. आणि त्याने सांगून ठेवलंय, तू माझ्यामुळे या देशात आहेस, मला सोडलंस तर तुला विमानात बसवतील आणि पोरगी इथे राहील.

"हे कोणी सांगितलं?" बाई.

"त्यानेच."

"कायदा काय त्याच्या बापाचा हाय?" बाईंचा आवाज चढला. "अगं, घरात मार खाणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर राहायची परवानगी मागता येते इथं. आणि बायकोच्या येण्याजाण्यावर असा पहारा ठेवणं, हासुद्धा गुन्हा आहे. तुला कुणी सांगितलं नाही?"

मीनल माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. सांगितलं होतं ना मी. मराठीत, सुबक माहितीपत्रक करून. तिच्या नवऱ्याच्या फोनवर पाठवलं होतं.

बाईंनी तिला पुढचं काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुला काय पाहिजे?"

मीनलने नाक पुसलं. "मला दात काढायचेत," म्हणाली. "लोकांचे." आणि आम्ही तिघी हसलो, हसता हसता मीनल रडली ती चहा गार होईपर्यंत.

पासपोर्ट मिळवायला बाई एका पोलीस बाईला घेऊन गेल्या, अपघात विभागापासूनची ओळख. त्याने दार उघडलं, हसला, म्हणाला, "अरे, मी तर सेफ राहावा म्हणून ठेवला होता," आणि काढून दिला. मीनल मुलीला घेऊन बायकांच्या आसऱ्याच्या घरात राहायला गेली. आमच्या मंडळाने काय केलं? मला ग्रुपमधून काढलं. घरातलं घरात मिटवायचं असतं, म्हणाले. इतका हौशी मुलगा, म्हणाले, त्याची मिसळ आठवा. हो, आठवते ना! त्या मिसळीचे कांदे मीनल चिरायची, स्टूलवर उभी राहून वरच्या प्रेसमधली पातेली ती काढायची. मंडळातल्या एकाही वहिनीने तिला फोन केला नाही. माझ्या नवऱ्याने मात्र ग्रुप सोडला, आणि उशिरा का होईना, डब्याच्या वेळी काय झालं ते लिहून दिलं. प्रमुखबाईंचं उत्तर आलं, आभारी आहोत, पण अहवाल छापून झाला आहे.

बाईंचा करार कुणी वाढवला नाही. त्या आता अमरावतीला असतात. फोनवर म्हणाल्या, "मुद्दाम तळमजल्याचं घर पाहिलं. जिना नाही, कटकट नाही." पण जायच्या आधीचा एक दिवस मला सांगायचाय.

मीनलला स्वतःच्या नावावर राहायच्या परवानगीसाठी अर्ज करायचा होता. फॉर्म लांबलचक, वीसेक पानांचा. आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात बसलो. बाईंनी एक पेन आणलं होतं, ते मीनलपुढे ठेवलं आणि आपले दोन्ही हात रेनकोटच्या खिशात घातले. मीनल पहिल्याच पानावर अडली. इतक्या वर्षांत तिने एकही फॉर्म भरला नव्हता. या देशात पहिल्यांदा कधी आलात, ती तारीखसुद्धा तिला नक्की आठवेना. पेन उचलायची, ठेवायची. अक्षर खराब येतंय म्हणायची. अर्धा तास गेला, चार ओळी झाल्या. माझा जीव वरखाली व्हायला लागला. मुलींना शाळेतून आणायची वेळ होत आली होती, आणि मला तर असले फॉर्म पाठ.

"दे इकडे," मी म्हटलं, "मी भरते पटकन."

मी हात पुढे केला आणि बाईंनी तो फाडकन मारला. खरंच मारला. बोटं लाल झाली. आयुष्यभर मारणाऱ्यांच्या मागे लागलेल्या त्या बाईने मला मारलं आणि म्हणाल्या, "हात मागे घे."

मी घेतला. नवऱ्याला मी कागद आपटून काय काय बोलले होते ते सगळं आठवलं. मुलींना आणायला शेजारच्या आयरिश आजीला फोन केला आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. मीनल लिहीत राहिली. पोहे झाले, दोनदा चहा झाला. बाई खिशातल्या खिशात शेंगदाणे सोलत होत्या, पण कागदाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

शेवटच्या पानावर सहीच्या वर एक चौकट होती. हा अर्ज तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी भरला असल्यास त्यांचं नाव लिहा. मीनलने ते वाचलं. आमच्याकडे बघितलं नाही, विचारलं नाही. मोठ्ठ्या अक्षरांत, पेन दाबून, तिने लिहिलं, 'एनए.' आणि खाली सही केली.

त्या दोन अक्षरांवर बाईंनी आम्हाला दोन महिने शिव्या घातल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, कागद हातात घेऊन ती चौकट पुन्हा वाचली.

"हं," म्हणाल्या, "हा बाईनं भरलाय."